कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसरणं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, सप्रेम नमस्कार.

स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल लिहितेय. अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन वगैरे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला ह्या गोळ्या लागतातच, त्यांच्यामुळे पुढचा अटॅक आणि स्ट्रोक टळू शकतो हे सिद्ध झालंय, त्यामुळे गोळ्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण गोळी सुरू झाल्यावर माझे बाबा नावं विसरायला लागले, बोलता बोलता शब्दच सापडेना, डॉक्टरांना सांगितलं तर "वय झालं, चालायचंच" एवढंच उत्तर, आणि मग मोबाईलवर कुणीतरी पाठवलं की ह्या गोळ्यांनी मेंदू खराब होतो, झालं, बाबांनी कुणाला न सांगता गोळी सोडली. हार्ट पेशंटने असं करणं किती धोक्याचं आहे हे तुमच्या खात्याला मी सांगायला नको.

खरं तर ह्यात लपवण्यासारखं काहीच नाहीये हो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्येच स्टॅटिनच्या माहितीपत्रकात विसरणं आणि गोंधळणं ह्याचा उल्लेख घातला, आणि हेही सांगितलं की असे प्रकार सहसा गंभीर नसतात, गोळी थांबवल्यावर जातात. दुसऱ्या बाजूला ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर सिमवास्टॅटिनची मोठी चाचणी झाली, २००२ साली निकाल आला, त्यात खरी गोळी घेणारे आणि खोटी, म्हणजे औषधच नसलेली गोळी घेणारे ह्यांच्या बुद्धीच्या चाचणीत फरक दिसला नाही. ७० ते ८२ वयाच्या लोकांवरच्या प्रॅव्हास्टॅटिनच्या चाचणीतही नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांची स्मरणशक्ती जाते हे खोटं, पण एखाद्याला त्रास होऊच शकत नाही असंही कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

आणि विसरण्याचं कारण भलतंच असू शकतं. थायरॉईड कमी असलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि डोकंही मंद चालतं, म्हणजे ज्या आजारामुळे गोळी लागली त्याच आजारामुळे माणूस विसरत असेल आणि आळ मात्र गोळीवर! बी १२ ची कमतरता, झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची काही जुनी औषधं, डिप्रेशन, ह्यातल्या प्रत्येकाने हेच होऊ शकतं आणि ह्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. "वय झालं" म्हणून हात झटकले की हे सगळं तसंच राहून जातं.

म्हणून मागणी अशी, की गोळ्यांच्या पाकिटासोबत पेशंटला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात एक चिठ्ठी द्यायला लावा, त्यात सरळ लिहा की विसरायला होतंय असं वाटलं तर गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आणि डॉक्टरांनाही सूचना जाऊ द्या, तक्रार केसपेपरवर लिहा, आधी थायरॉईड, बी १२ आणि बाकीची औषधं बघा, तरी शंका राहिली तर देखरेखीखाली काही आठवडे गोळी थांबवून बघा किंवा दुसरं स्टॅटिन द्या. साइड इफेक्टची तक्रार पेशंटच्या घरच्यांनाही फोनवरून, आपल्या भाषेत नोंदवता आली पाहिजे, आणि तिचं पुढे काय झालं हे त्यांना कळवलं गेलं पाहिजे.

ह्या चिठ्ठीचा मसुदा तुमचं खातं कधी काढणार तेवढं जाहीरपणे सांगा.

आपली,
एका हार्ट पेशंटची मुलगी