जुन्या एसएमपीएसवर चार्जर चालवायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचे आभार सगळ्यांसमोर मानावेसे वाटले, कारण तुम्ही जे समजावलंत ते कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या खोक्यावर, हॉबी चार्जर (रिमोटच्या गाड्या-विमानांच्या बॅटऱ्यांचा चार्जर) चालवू पाहणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल.

हिरवी तार काळीला जोडली की सप्लाय सुरू होतो. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३ आणि काळी शून्य, म्हणजे ग्राउंड. इतपत मला ठाऊक होतं. अडलं होतं ते पुढे. लहान बॅटरी व्यवस्थित चार्ज व्हायची, पण तीन सेलच्या लिपोला (लिथियम पॉलिमर बॅटरीला) ४ अँपिअर लावले की थोड्याच वेळात चार्जर इनपुट व्होल्टेज कमी असल्याचं दाखवून थांबायचा. सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिलेले, आणि ५० वॅटचा चार्जर त्यातले जेमतेम ५ ओढणार. मग कमी कुठे पडत होतं?

तुम्ही दुसरा सप्लाय घ्यायला सांगितला नाहीत. आधी मल्टिमीटर लावायला लावलात, तोही चार्जिंग चालू असताना, पिवळ्या तारेवर आणि लाल तारेवरही. पिवळीवर १०.९ आणि लालवर ५.२ आले. एवढ्यावरून तुम्ही दुखणं ओळखलंत. अशा जुन्या सप्लायमध्ये एकच कंट्रोलर दोन्ही आउटपुटांवर मिळून नजर ठेवतो. सगळा भार १२ वर आणि ५ ची बाजू मोकळी असली, तर ५ चं व्होल्टेज वाढतं, १२ चं खाली बसतं आणि कंट्रोलरला सरासरी ठीकच दिसते. "लाल तारेवर भार टाक, पिवळी आपोआप उचलेल," असं तुम्ही म्हणालात. १० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने अर्धा अँपिअर ओढला आणि थोडा फरक पडला. मग तुमच्या सांगण्यावरून गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लाल-काळीवर लावला, एकाऐवजी चार पिवळ्या आणि चार काळ्या तारा एकत्र सोल्डर केल्या, आणि चार्जरपाशी ११.६ मिळाले. त्यानंतर चार्जर मध्येच थांबलेला नाही.

नारिंगीबरोबर एकाच पिनेत जाणारी बारीक तपकिरी तार तोडू नकोस, हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. सप्लाय त्याच तारेवरून ३.३ व्होल्ट तपासतो.

सर्वांत जास्त ऋणी आहे ते तुमच्या दोन नकारांसाठी. खोका उघडून आतच सगळं बसवू का, असं विचारल्यावर तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. म्हणून रेझिस्टर बाहेरच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला आहे. दुसरा नकार बॅटरी सरळ १२ व्होल्टला जोडण्याला. सप्लायने फक्त चार्जरला वीज पुरवायची. करंट आवरणं, सेल सारखे करणं आणि प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबवणं हे चार्जरचं काम. हे तुम्ही न कंटाळता पुन्हा पुन्हा बजावलंत, आणि लिपो पेट घेऊ शकते म्हटल्यावर ते बजावायलाच हवं होतं.

आता २४ व्होल्टच्या चार्जरसाठी दोन सप्लाय सिरीजमध्ये जोडायचं मनात आहे. पण काळी तार खोक्याला आणि त्यातून अर्थिंगला जोडलेली असते, म्हणजे दुसऱ्या सप्लायची काळी पहिल्याच्या पिवळीला जोडताच अर्थिंगमधून थेट शॉर्ट होणार. तेव्हा तुमच्याशी बोलल्याशिवाय त्याला हात लावत नाही. सवड झाली की कळवा.

तुमचा ऋणी,
एक हॉबीवाला