लोगोचं काय ते सांगते

प्रिय मुग्धा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला, मागे तुझ्या सासूबाईंची कढई एवढी वाजत होती की निम्मं परत ऐकावं लागलं. भडंगाचा धंदा सुरू करताय हे भारीच झालं. आणि लोगोसाठी तुला मी आठवले, म्हणजे जिचा डिझाइनचा कोर्स अजून अर्ध्यावर आहे ती, यावर मी काय बोलू. पण विचारलंयस तर सगळं सांगते, कारण एवढ्यातच इथे ठाण्यात वर्तक नगरला आमच्या खालच्या गल्लीतल्या काकूंचा लोगो केलाय आणि डोक्यात अजून तेच चालू आहे.

काकूंचं दुकान म्हणजे ब्लाऊज शिलाई आणि फॉल-पिको. नाव रूपाली, लेकीच्या नावावरून. इतकी वर्षं नुसत्या तोंडी ओळखीवर चाललंय, आता शेजारचा गाळा घेतला म्हणून पाटी, पिशव्या, बिलबुक, सगळं नवीन करायचं होतं. त्यांच्या मुलाने आधीच एका अ‍ॅपवर काहीतरी बनवून ठेवलेलं, शिलाई मशीन, कात्री, साडीतली बाई, आणि वर सोनेरी चकाकणारी इंग्लिश अक्षरं. मला म्हणाला ताई हेच फक्त नीट करून दे. आता ते सोनेरी म्हणजे स्क्रीनवर पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतचा ग्रेडियंट असतो गं, छापल्यावर ते सोनं वगैरे काही दिसत नाही, शेवाळी-पिवळं काहीतरी येतं. शिवाय अशा अ‍ॅपमधलं रेडीमेड चित्र दुसरं कोणीही वापरू शकतं, त्यामुळे पुढे ट्रेडमार्क घ्यायचा म्हटलं की तिथे अडतं. तुम्हाला तर पाकिटं दुकानांत ठेवायचीयेत, तेव्हा हे लक्षात ठेव. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव शोधायला पैसे लागत नाहीत, आधी तुमचं नाव टाकून बघ. ऑनलाइन अर्जाची फी एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला 4500 रुपये आहे.

मी मुलाशी वाद घातलाच नाही, काकूंना विचारलं की हा लोगो कुठे कुठे लागणार. त्यांनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, पाटीवर, पिशवीवर, बिलावरच्या रबरी शिक्क्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत, आणि ब्लाऊजच्या गळ्याला आत जो छोटा टॅग लावतात त्याच्यावर. झालं, अर्धं काम तिथेच झालं बघ. शिक्क्याला एकच शाई. पिशवीला स्क्रीन प्रिंटिंग, तिथे प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनते आणि तेवढे पैसे वाढतात. टॅग बोटाच्या पेराएवढा आणि विणलेला, त्यात बारीक रेषा बुजून जाते. म्हणजे जे काही करायचं ते एका रंगात, जाड आणि नखाएवढं झालं तरी वाचता येईल असं. साडीतली बाई आपोआप गेली.

मग मला वाटलं शिरोरेघ धावदोऱ्याची करू, तुटक तुटक टाके. डीपीच्या साइजला आणलं तर नुसते ठिपके. मग शिरोरेघेचं शेवटचं टोक पिकोसारखं नागमोडी करून काकूंना दाखवलं, त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ही करवत आहे, पिको नाही." आणि एक साडी ओढून काठ माझ्या हातात दिला, अगं इतका बारीक आणि घट्ट असतो तो टाका की बोटाला नुसती कड लागते, दात म्हणून काही दिसतच नाहीत. ज्यांचा जन्म त्यात गेलाय त्यांना खोटा पिको कोण खपवणार.

फॉन्ट पण खूप चाळले. मुक्त आणि बलू हे 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरले तरी चालतात, आणि खरंच चांगले आहेत. पण बलू आता जिकडे तिकडे दिसतो आणि लोगोत त्याच्यापेक्षा थोडं जास्त हवं होतं. कमल शेडगेंनी केलेली नाटकांची नावं आठवतात ना, पेपरातल्या जाहिरातींत असायची, नुसत्या अक्षरांवरून कळायचं की नाटक हसवणारं आहे की रडवणारं. चित्र वगैरे काही लागायचं नाही. किंवा आपलं रुपयाचं चिन्ह घे, 2010 मध्ये उदय कुमार यांचं डिझाइन निवडलं, देवनागरी र आणि वरच्या रेघा, बस. नाण्यावर पण चालतं आणि बँकेच्या पाटीवर पण.

तर एके दिवशी बसले होते दुकानात, काकू एका काळ्या अस्तरावर खडूने खुणा करत होत्या. टेलरचा तो चपटा तिकोनी खडू माहितीये ना? कडेने ओढला की बारीक रेघ, पसरट धरला की जाड, म्हणजे बोरूने येतो तसा जाड-बारीकपणा आपसूक येतो. मी तो मागून घेतला आणि अस्तराच्या तुकड्यावर रूपाली लिहीत सुटले. काळ्यावर पांढरं, काय दिसत होतं सांगू! विशेषतः तो रू. छापील फॉन्टमध्ये लहान साइजला रु आणि रू सारखेच दिसतात, काकूंना त्याचा भयंकर राग, लोक माझ्या लेकीचं नाव र्‍हस्व करतात म्हणून. खडूने दीर्घ उकाराचा फाटा मोठा करून र च्या कमरेशी असा लटकवला की चुकायला वावच नाही. लीची वेलांटी मागे वळून पा च्या डोक्यावर आणली. काकू म्हणाल्या, हां, हे माझ्या दुकानासारखं दिसतंय.

फोटो काढला, इंकस्केपमध्ये टाकला. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तू पण तेच घे. त्यात फोटोवरून आपोआप ट्रेस करायची सोय आहे पण त्याने खडूचा प्रत्येक कण धरला, हजारभर बिंदू, शिक्क्यात नुसता चिखल झाला असता. म्हणून पेन टूलने हाताने गिरवलं, कडा गुळगुळीत केल्या, खडूचा खरखरीतपणा सोडून दिला (वाईट वाटलं, पण स्क्रीन प्रिंटला तो टिकला नसता). असं रेषांचं काम म्हणजे व्हेक्टर, कितीही मोठं करा फाटत नाही, जेपीजी ताणली की कडा कशा चौकोनी होतात तसं होत नाही.

रंगाचं ऐक. काकूंना राणी कलरच हवा होता आणि मी मनातून नाक मुरडत होते, पण छपाईच्या चार शाईंत मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, असतेच, त्यामुळे राणी छान खुलून येतो. उलट तो पोपटी किंवा भगभगीत नारिंगी, जो मोबाइलवर झकास दिसतो, तो कागदावर मलूल होतो. तुम्ही भडंग म्हणून नारिंगी धराल, तर आधी एक प्रिंट काढून बघा, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

पाटीच्या वेळी मुलगा परत आला, इंग्लिश मोठं आणि मराठी खाली बारीक करू म्हणून. त्याला सांगितलं, बाबा रे, कायदा आहे, 2022 च्या बदलानंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांना पण पाटी मराठीत लागते आणि मराठी अक्षरं बाकीच्यांपेक्षा लहान चालत नाहीत. काकू म्हणाल्या, मला इंग्लिश नकोच. विषय संपला.

छापणाऱ्याकडे जाताना एक गोष्ट कर, हे फार महत्त्वाचं आहे. नौपाड्यात काय किंवा तुमच्या सांगलीत काय, बरेच जण कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि मराठीसाठी श्रीलिपी वगैरे जुने फॉन्ट असतात. तुझ्या फाइलमधला मराठी मजकूर त्यांच्याकडे उघडला की वेलांटी एकीकडे आणि जोडाक्षर मोडून दुसरीकडे, असं होऊ शकतं. म्हणून मजकुराचं आधी आकारात रूपांतर कर, इंकस्केपमध्ये पाथ मेनूत ऑब्जेक्ट टू पाथ, ते लोक याला "कर्व्ह करून द्या" म्हणतात. एक कॉपी मात्र टाइप केलेली तशीच जपून ठेव, कर्व्ह केल्यावर स्पेलिंग बदलता येत नाही.

आता तुमचं भडंग. तुमच्या लोगोला पाकिटावर एकट्याने बसायला मिळणार नाहीये, एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या वस्तूंच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर, वजन, तारीख, शाकाहारीचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, हे सगळं शेजारी येणार. तेव्हा लोगोत हिरवं गोल काहीतरी घालू नकोस, गोंधळ होईल. रंगीत छापलेली पाकिटं आत्ताच करू नका, त्यात प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो आणि ऑर्डर पण मोठी द्यावी लागते. पारदर्शक पाकिटावर चांगला स्टिकर लावा, भडंग दिसू दे ना लोकांना. आणि मिरची, लसूण, शेंगदाणे ही चित्रं काढायच्या आधी दुकानातल्या फळीसमोर उभी राहून बाकीच्या पाकिटांचा फोटो काढून पाठव, मला बघायचंय सगळ्यांनी काय काय केलंय ते. सासूबाईंकडे झारा, डबा, मसाल्याच्या बरणीवरचं त्यांच्या हातचं अक्षर, जे काही असेल त्याचे पण फोटो काढ. त्यांचं अक्षर कसं आहे गं?

पैशांचं विचारलंस, तुझ्याकडून मी पैसे घेणार नाही पण भडंग घेणार, तिखट जास्त. काकूंनी मात्र फुकट नको म्हणून ठरलेले पैसे हातात ठेवलेच, वर दिवाळीचं ब्लाऊज शिवून देणारेत, अस्तरासकट.

नाव नक्की झालं की लगेच कळव, स्टिकर किती इंचाचा हवा ते पण, आणि नावात ऱ्हस्व-दीर्घ काय आहे ते सासूबाईंना विचारूनच लिही.

तुझी,
अनु