सूचना : वर्गातील सराव आणि वर्गाबाहेरील शिक्षण

सांगली-मिरज परिसरातील फिजिओथेरपीच्या सर्व विद्यार्थी सभासदांना कळविण्यात येते की, १९९६ पासून ८ सप्टेंबरला पाळल्या जाणाऱ्या जागतिक फिजिओथेरपी दिनापूर्वी प्रत्येकाने अभ्यासक्रमाबाहेरचा किमान एक उपक्रम निवडावा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांच्या कंबरेवर, मानेवर आणि गुडघ्यांवर पडणारा भार प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ओझे उचलण्याचे शास्त्र पुरते उमगत नाही, असे आमचे स्पष्ट मत असल्याने या भेटीस प्राधान्य द्यावे. तेथे आधी त्यांची कामाची पद्धत शांतपणे पाहावी, त्यांच्या संमतीनेच प्रश्न विचारावेत आणि शिक्षकांच्या देखरेखीशिवाय कोणताही उपचार करू नये. हमालांच्या विश्रांतीच्या वेळेचा मान राखणे, हेही आपल्या शिक्षणातच येते. तालमीतील मल्लांच्या खांद्याच्या व गुडघ्याच्या दुखापती समजून घेण्याची संधीही आपल्या परिसरात आहे.

वर्गात दोघांनी एकाच सांध्याची हालचाल गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजण्याच्या उपकरणाने) स्वतंत्रपणे मोजून नोंदी ताडून पाहाव्यात. तफावत आढळल्यास उपकरणाचा मध्यबिंदू आणि सांध्याची सुरुवातीची स्थिती पुन्हा तपासावी.

निवडलेला उपक्रम वर्गप्रतिनिधींना लेखी कळवावा.