डाव्या सीटवर बसायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या गाडीप्रेमींच्या क्लबाच्या प्रशिक्षकांच्या यादीत माझे नाव रीतसर नोंदवले गेले आणि नवशिक्या चालकाच्या शेजारी, डाव्या सीटवर, कोणाच्याही देखरेखीशिवाय बसण्याची मुभा मला मिळाली. त्याबद्दल आपले आभार मानायला घरी आले, तेव्हा आपण ते हसून बाजूला सारलेत आणि पुढच्या रविवारच्या तयारीविषयी विचारू लागलात. म्हणून जे तेव्हा बोलायचे राहिले ते लिहिते आहे, आणि सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे. कारण वेगात गाडी चालवायला शिकवणे म्हणजे पोरांना आणखी बेफाम करणे, असा समज नाशिकमध्ये चांगल्या जाणत्या माणसांचाही आहे. आपले नाव कोठेही देऊ नये ही आपली अट पाळली आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत गाडीप्रेमींच्या क्लबांची परंपरा जुनी आहे. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका १९५५ मध्ये स्थापन झाला आणि बीएमडब्ल्यू कार क्लब ऑफ अमेरिका १९६९ मध्ये. असे क्लब सभासदांना त्यांच्या रोजच्या गाड्यांसह शर्यतीच्या ट्रॅकवर नेतात, पण शिकवण्याच्या या दिवसांत तेथे शर्यत लावत नाहीत आणि क्रमांकही काढत नाहीत. प्रत्येक नवशिक्याच्या शेजारी एक प्रशिक्षक बसतो. हा प्रशिक्षक बहुधा क्लबाचाच सभासद असतो, त्याला पगार नसतो, आणि आपल्या वेळेच्या बदल्यात त्याला मिळते ते फार तर स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याची संधी. आपण नोकरीच्या निमित्ताने तिकडे होता तेव्हा अनेक वर्षे हे काम केलेत, तेही वॉटकिन्स ग्लेनसारख्या ट्रॅकवर, जेथे निळे लोखंडी कठडे डांबराच्या इतके जवळ आहेत की चालकाला आणि त्याच्या शेजाऱ्याला चुकीसाठी फारशी जागा उरत नाही. आईंच्या आजारपणामुळे आपण नाशिकला परतलात आणि गंगापूर रोडवरच्या आपल्या घराच्या अंगणात रविवारी सकाळी चहाला जमणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना ती सगळी पद्धत मन लावून शिकवलीत.

मोबदला न घेण्याविषयी आपण सुरुवातीलाच जे सांगितले होते ते मला आज अधिक पटते. शुल्क घेणाऱ्याला शिष्य टिकवावा लागतो; जो काही घेत नाही तो निर्धास्तपणे म्हणू शकतो की आज एवढे पुरे, गाडी आत घ्या. प्रशिक्षकाचे हे स्वातंत्र्य ही सुरक्षिततेची पहिली अट आहे असे आपण मानता, आणि माझेही आता तेच मत झाले आहे.

आपण मला गाडी वेगात चालवायला शिकवलेत याबद्दल मी ऋणी आहेच, परंतु हे पत्र मुख्यतः त्याबद्दल नाही. ते कौशल्य इतरांकडूनही मिळाले असते. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना, आपल्या पायाखाली ब्रेक नसताना, केवळ आवाजाने आणि योग्य वेळच्या मौनाने त्याला शहाणे कसे करायचे, हे शिकवणारे मात्र मला आपल्याखेरीज कोणी भेटले नसते.

शहराबाहेर परवानगीने मिळालेल्या त्या डांबरी मैदानावर आपण आधी मला गाडीत बसूच दिले नाहीत. कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरांवर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण ब्रेक लावल्यावर साधारण १८ मीटरांत थांबते आणि ताशी १२० किलोमीटरची सुमारे ७० मीटर घेते, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट, हे मी अभियांत्रिकीला असताना सूत्रात शिकलेच होते. आपण कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवतात ते रंगीत शंकू, मांडून ती दोन्ही अंतरे मला पायी चालायला लावलीत, आणि चालकाच्या मनाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही, याची आठवण परत येताना करून दिलीत. आज माझा प्रत्येक शिष्य गाडी सुरू करण्याआधी ती दोन्ही अंतरे चालतो, आणि जे समजावायला मला अर्धा तास लागला असता ते त्याला तेवढ्यात कळते.

माझ्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे आपण स्वतः शिष्य होऊन चालकाच्या जागी बसत होता ते दिवस. प्रशिक्षक घडवण्याची ही रीत तिकडच्या क्लबांमध्ये रूढ आहे हे मला नंतर कळले. पण आपण तिच्यात नाशिकची माणसे आणलीत. कधी आपण प्रत्येक सूचनेला ‘हो, हो’ म्हणणारे आणि त्यांतली एकही न पाळणारे गृहस्थ झालात. कधी बोलताना सवयीने माझ्याकडे तोंड वळवणारे, कधी स्टिअरिंग आवळून श्वास रोखून बसलेले, आणि कधी ‘मी मुंबई दोन तासांत गाठतो’ असे सांगत गाडीत बसणारे. प्रत्येक रूपात आपण तसेच चालवत होता, आणि मला ते सुधारायचे होते. ‘हो, हो’ म्हणणाऱ्याला सूचना देणे थांबवून, समोर काय दिसते ते त्यालाच मोठ्याने बोलत राहायला सांगायचे, म्हणजे त्याची नजर कोठे आहे ते कळते आणि ती आपोआप पुढे सरकते. श्वास रोखणाऱ्याला एका फेरीत एकच गोष्ट द्यायची, बाकी सगळे तोवर सोडून द्यायचे. आणि मुंबई दोन तासांत गाठणाऱ्याशी वाद न घालता, वळणाचा आतला बिंदू, ज्याला ट्रॅकवर एपेक्स म्हणतात, तो लागोपाठ तीन फेऱ्यांत त्याच जागी गाठून दाखवा एवढेच म्हणायचे. अचूकपणाचा हा हिशेब मांडू लागला की त्याचा वेग न सांगता कमी होतो. हे तिसरे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण अशा माणसाला सगळे जण उपदेशच करत आलेले असतात.

बोलण्याच्या वेळेविषयी आपण घेतलेली मेहनत तर मी विसरूच शकत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. तीन सेकंदांचे एक सभ्य मराठी वाक्य पूर्ण होईपर्यंत ती ऐंशी मीटर पुढे गेलेली असते आणि ज्या जागेविषयी आपण बोललो ती मागे पडलेली असते. म्हणून चालत्या गाडीतले शब्द थोडे, ठरलेले आणि घटनेच्या पुरेसे आधी हवेत: ‘ब्रेक’, ‘सोडा’, ‘नजर बाहेर’, ‘हात सरळ’. शब्दांइतकाच स्वरही आपण घासून घेतलात, कारण वळणाच्या मध्यावर शेजारच्याचा आवाज चढला की नवशिक्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उठतो, वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होऊन पकड सोडतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागतो. प्रशिक्षकाच्या घाबरण्याने गाडी घसरू शकते, हे भौतिकशास्त्राचे सत्य आपण सांगितले तोवर मी कोठेही वाचले नव्हते. सविस्तर बोलायचे ते गाडी उभी राहिल्यावर, आणि तेव्हाही आधी त्याला विचारायचे की तुम्हाला काय जाणवले. या प्रश्नानंतरची शांतता न मोडता थांबून राहणे मला सर्वांत अवघड गेले, आणि आता त्या शांततेवरच माझा सर्वाधिक भरवसा आहे, कारण स्वतः शोधलेले कारण माणूस पुढच्या फेरीत सोबत घेऊन जातो.

गाड्यांच्या तपासणीबद्दल थोडक्यात लिहिते. चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का, बॅटरी पक्की आहे का, डिकीत आणि पायाशी सुटे सामान तर नाही, ब्रेक पॅड किती उरले आहेत, हे सारे आपण स्वतः वाकून पाहता. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लागोपाठच्या जोरदार ब्रेकांनी ते उकळले की पेडल मऊ होऊन खाली जाते. यासाठी आपण ओळखीच्या माणसांच्याही गाड्या परत पाठवल्या आहेत, आणि तेव्हा आलेला रुसवा शांतपणे सोसला आहे.

कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आपण आम्हाला नेलेत त्या प्रवासाबद्दल स्वतंत्रपणे आभार. नाशिकहून हजार किलोमीटरहून कितीतरी अधिक अंतर, आणि ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, पण एकामागून एक येणारी वळणे, मागून येणाऱ्या गाडीला हाताने खूण करूनच पुढे जाऊ देण्याची शिस्त, पिवळे, लाल आणि काळे निशाण दिसताच काय करायचे याची सवय, हे मैदानावर कोन मांडून पुरते शिकवता येत नाही. आपण तेथे स्वतः एकही फेरी मारली नाहीत. दिवसभर पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या आत घेऊन थांबवण्याच्या जागेच्या, भिंतीपाशी उन्हात उभे राहून प्रत्येक फेरीनंतर आम्हा शिकाऊ प्रशिक्षकांशी बोलत होता, आणि आपल्या वाटची वेळ आमच्या शिष्यांना दिलीत.

या सगळ्याचा नाशिकच्या रस्त्यांशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की आमच्याकडे येऊन गेलेली मुले-मुली कसारा घाटात पहिल्या पावसात वेग का कमी करतात ते आता कारणासह सांगू शकतात: डांबरावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यासोबत वर येते, पकड घटते आणि ब्रेकचे अंतर वाढते. टायरची पकड संपते तेव्हा हातांना काय जाणवते हे त्यांनी बंदिस्त जागेत, कोणाच्याही जिवाला धोका न होता अनुभवलेले असते. सातपूरच्या कारखान्यातल्या माझ्या एका सहकारी मुलीने, जिला घरचे लोक त्र्यंबकपर्यंतही गाडी एकटीने नेऊ देत नव्हते, ओल्या डांबरावर एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरत असताना पेडल घट्ट दाबून ठेवून गाडी कोनाला वळसा घालून नेली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होते ते आपणही पाहिलेत. मला वाटते, हे काम मी का करते याचे उत्तर त्या दिवशी मला मिळाले. ती आता स्वतः प्रशिक्षक होऊ इच्छिते.

म्हणून या पत्राच्या शेवटी आभारांबरोबर एक विनंती आहे. तिला मी तयार करावे असे आपण सुचवलेत, त्याचा मी आदरपूर्वक स्वीकार करते. पण चालकाच्या जागी बसून ‘हो, हो’ म्हणणारे गृहस्थ तिच्यासाठीही आपणच व्हावे, कारण ते मला अजून आपल्याइतके खरे जमत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मैदान मिळाले आहे. सकाळी सहाला मी गाडी घेऊन आपल्या दाराशी येते. हेल्मेट आणि इंटरकॉम माझ्याकडे तपासून तयार आहेत.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
नाशिक