बोटांची बेचकी पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

आजीचा हात हातात घेऊन तुम्ही बोटांची बेचकी एकेक करून भिंगाखाली पाहिलीत, त्यासाठी हे पत्र. औषधाचे आभार नंतर. खरूज लागायला कातडीला कातडी बराच वेळ भिडावी लागते, ओझरत्या स्पर्शाने सहसा लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तिचं ताट-भांडं वेगळं काढणाऱ्या आम्हाला नव्हतं. ‘रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते हो, आजी,’ एवढंच म्हणालात, आणि तिने मान वर केली.

आधीच्या तिघांनी टेबलापलीकडूनच निदान केलं. एकाला उष्णता दिसली, दुसऱ्याला ॲलर्जी, तिसऱ्याने तीन औषधं कालवलेली ट्यूब दिली. त्यात स्टेरॉइड. त्याने लाली उतरते, खाज चार दिवस दबते, खरजेचा किडा मात्र कातडीत अंडी घालतच राहतो. वर पुरळाचं रूप असं बदलतं की पुढच्या डॉक्टरालाही ओळखू येत नाही. रात्री खाज वाढते का, घरात आणखी कोणाला सुटते का, हे विचारायला काय पैसे पडतात? तुम्ही सुरुवातच तिथून केलीत. मग मनगटं, काखा, बेंबीभोवती, कमर. बेचक्यात सापडली ती करडी, नागमोडी, जेमतेम सेंटिमीटरभर रेघ: अर्ध्या मिलिमीटरहून लहान मादीने पोखरलेलं बीळ. पुरळाविना नुसतीच खाज असती तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासावं लागलं असतं, हेही बोललात.

चिठ्ठीतलं मुद्दाम इथे लिहिते, कारण हे मलम लावण्यातच चुकतं. ५ टक्के परमेथ्रिन, मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम, गळ्यापासून तळपायापर्यंत. नखांखाली, बेंबीत, जांघेतही. खाजतं तेवढ्याच जागी नाही. आजीच्या वयाला टाळू आणि कानामागेही. रात्री लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा. ७ दिवसांनी दुसरी फेरी. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरी. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे जातात, तेवढ्यात खरूज दुसऱ्याला देऊन झालेली असते. अंगावरचे कपडे, चादरी कढत पाण्यात. गोधडी धुणं जमलं नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून.

किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, तेव्हा घाबरून मलमाचा मारा करू नका, त्वचा आणखी चिडेल, असं दोनदा बजावलंत. आज अठरावा दिवस. आजीला रात्री एकदाच जाग येते.

आजीची नात