कांदा, बटाटा, अंडी आणि जरा दम

चि. अथर्व,

तुझा मेसेज वाचला, आईला आणि आजीला पण वाचून दाखवला. फ्लॅटमधल्या तिघांनी पाळ्या लावल्यात, तुझा गुरुवार, आणि पुलाव, रस्सा, अंडाकरी सगळं करून झाल्यावर आता ते दोघं म्हणतायत की आता आमच्या इथलं, म्हणजे फ्रेंच, काहीतरी करून घाल. आई म्हणाली यूट्यूब आहे की. मी म्हटलं नको, तिथे प्रत्येकजण वीस वस्तू सांगतो आणि त्यातल्या बारा लागतच नाहीत, मीच लिहितो. ग्रनोबलला नोकरीला होतो तेव्हा घरमालकीणबाईंच्या किचनमध्ये बरंच उभं राहिलोय मी, तू व्हायच्या आधीची गोष्ट आहे ती, आणि आता तू तिथून दीड तासावर लियाँमध्ये आहेस तर सांगतोच.

आपल्याकडे फ्रेंच जेवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर भलीमोठी पांढरी प्लेट आणि मधोमध इवलंसं काहीतरी येतं. ते हॉटेलातलं, त्याच्या नादाला लागू नकोस. घरातलं जेवण अगदी साधं आणि तसं स्वस्त असतं. बाईंकडे मसाल्याचा डबा वगैरे प्रकारच नव्हता. मीठ, मिरी, जायफळ, थाइमच्या काड्या, लॉरेलची (तमालपत्रासारखी) पानं, लसूण, संपलं. सगळी चव आचेतून काढायची, म्हणजे कधी मंद ठेवायचं, कधी मोठं करायचं आणि मुख्य म्हणजे कधी हात लावायचा नाही. आपल्याला हेच जड जातं, आपला हात सारखा झाऱ्याकडे जातो नाहीतर तिखटाच्या डब्याकडे. अगदीच राहवलं नाही तर तिथे पिमाँ देस्पलेत मिळतं, बास्क भागातली मिरची, घरांच्या भिंतींवर माळा करून वाळवतात, तिखट अशी नाहीच पण वास फार छान, ते चिमूटभर चालेल. गोडा मसाला मात्र कपाटात राहू दे.

पहिलं कांद्याचं सूप कर. थंडी पडलीय, आणि किलोभर कांदे कुठल्याही विद्यार्थ्याला परवडतात. चौघांचं प्रमाण सांगतो, तिघंच असलात तरी सगळं संपतं. कांदे एक किलो, उभे पातळ चिरायचे. जाड बुडाच्या पातेल्यात साठेक ग्रॅम बटर आणि चमचाभर तेल, तेल अशासाठी की नुसतं बटर लवकर करपतं. कांदे टाक, मीठ टाक, आणि पहिली पंधरा मिनिटं झाकण. मिठाने पाणी सुटतं, कांदा आधी त्या पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. घाई अजिबात नको. आपण रश्श्याला कांदा दहा मिनिटांत लाल करतो ना, तो कडेने करपतो आणि आतून कच्चा राहतो, रश्श्यात मसाले असतात म्हणून कळत नाही, इथे लगेच कळतं. आधी पांढरा, मग पिवळट, मग फिकट चहासारखा, आणि शेवटी पातेल्याच्या बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. तो थर दिसला की घाबरायचं नाही, तीच खरी कमाई, दोन चमचे पाणी टाकून लाकडी चमच्याने खरवडून परत कांद्यात घ्यायचा, परत धरू द्यायचा, परत खरवडायचा. किलोभर कांद्याचा शेवटी दोन मुठी ऐवज होतो तेव्हा झालं समज. मग चमचाभर मैदा टाकून मिनिटभर परतून घे, अर्धा ग्लास व्हाइट वाइन टाक (नको असेल तर तेवढं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर) आणि सव्वा लिटर स्टॉक. स्टॉकच्या क्यूब मिळतात, भाज्यांच्यासुद्धा मिळतात, मूळ सूपाला बीफचा स्टॉक घालतात पण कांदा नीट झाला असेल तर भाज्यांच्या स्टॉकचं कोणाला ओळखूही येत नाही. क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं तेव्हा वरून मीठ चाखूनच. वीस मिनिटं उकळू दे. शिळ्या बागेतचे, म्हणजे त्या लांब फ्रेंच पावाचे, तुकडे ओव्हनमध्ये कडक वाळवायचे, बाऊलमध्ये सूप, वर पाव, वर किसलेलं ग्रुयेर नाहीतर कोंते, आणि ओव्हनच्या ग्रिलखाली चीज फुगून डाग पडेपर्यंत. तुमचे बाऊल आयकेआचे असतील तर ओव्हनमध्ये चालतात का ते बुडाशी बघ, खात्री नसेल तर पावावरच चीज वितळवून घे आणि तो पाव सूपवर सोड, चवीत काही कमी होत नाही.

पॅरिसच्या ले हाल मार्केटमधले हमाल, कसाई, भाजीवाले पहाटे हेच सूप प्यायचे, आणि रात्रभर जागून आलेले श्रीमंत लोकही त्यांच्या शेजारी बसून प्यायचे. ते मार्केट १९६९ साली शहराबाहेर रँजिसला हलवलं, सूप मात्र त्या भागात अजून मिळतं.

आता बटाटा. तुझा तो फ्लॅटमेट ग्रनोबलकडचा आहे म्हणालास, म्हणजे तिथे नीट लक्ष दे, कारण ग्रातँ दोफिन्वा, म्हणजे दूध-क्रीममध्ये ओव्हनला लावलेल्या बटाट्याच्या चकत्या, हा त्यांचा घरचा विषय आणि त्यात चीज घातलंस तर तो तोंडावर काही बोलणार नाही पण मनात ठेवेल. चीज नाही, अंडं नाही. (चीज आणि स्टॉक घालून करतात ते शेजारच्या साव्वा भागातल्या लोकांचं, तेही छान, पण ते वेगळं.) बटाटे एक किलो, साल काढून धुवायचे आणि मग दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. चकत्या केल्यावर परत धुवायच्या नाहीत. आपली सवय काय, बटाटा चिरला की पाण्यात. मी बाईंसमोर तेच करायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातलं भांडं काढूनच घेतलं, चकत्या एका कोरड्या फडक्यावर पसरल्या, एक चकती दोन बोटांत धरून दुसरीवर दाबली आणि उचलून दाखवली, दुसरी चिकटून वर आली. तो चिकटपणा म्हणजे स्टार्च, त्यानेच दूध घट्ट होतं, म्हणून तर वेगळं काही लागत नाही. ओव्हनच्या भांड्याला आतून लसणाची पाकळी घासायची, बटर लावायचं, चकत्यांचे थर, प्रत्येक थरावर मीठ-मिरी आणि किंचित जायफळ. अर्धा लिटर दूध आणि पाव लिटर क्रीम एकत्र गरम करून वरून ओतायचं, बटाटे जेमतेम बुडतील इतकं. क्रीम लाइटवालं घेऊ नकोस, पातळ क्रीम फाटतं, तीस टक्के फॅटवालं घे. १६० डिग्रीला सव्वा तास, सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. बाहेर काढून दहा मिनिटं तसंच ठेव, गरम गरम वाढलंस तर दूध वाहतं.

बटाटा घेताना पिशवीवर बघ, तिथे कशासाठी वापरायचा ते छापलेलंच असतं. शार्लोट जातीचा बटाटा शिजल्यावर आकार सोडत नाही, सॅलडला आणि ग्रातँला बरा, बिंच पिठूळ, तो प्युरे आणि फ्राइजला. आपल्याकडे ‘जुना द्या, नवा द्या’ एवढ्यावर भागतं, तिथे हे शिकून घेतलंस तर अर्धं काम झालं.

आणि जेवताना त्याला सांग, ग्रातँ दोफिन्वाचा पहिला लेखी उल्लेख १२ जुलै १७८८ चा आहे, गाप गावात एका ड्यूकने नगरपालिकेच्या लोकांना जेवण दिलं त्यातला. म्हणजे फ्रेंच क्रांतीच्या साधारण एक वर्ष आधी. त्याच्या चाळीस वर्षं आधी तर पॅरिसच्या पार्लमाँने (म्हणजे तिथल्या वरच्या कोर्टाने) बटाटा लावायलाच बंदी घातली होती, त्याने रोग होतात अशी समजूत होती. मग पार्माँतिए नावाचा एक औषधवाला युद्धात प्रशियात कैदी म्हणून सापडला, तिथे त्याला बटाटे खायला घालायचे, ते खाऊन हा ठणठणीत परत आला आणि आयुष्यभर बटाट्याच्या मागे लागला. पॅरिसला गेलास तर पेर लाशेझच्या स्मशानात त्याची कबर आहे, लोक फुलांऐवजी तिच्यावर बटाटे ठेवून जातात!

रोजच्यासाठी मात्र ऑम्लेट आणि हिरवं सॅलड, दहा मिनिटांत होतं, आणि तिथे ते रात्रीचं जेवण म्हणून चालतं, नाश्ता म्हणून नाही. आपलं कांदा-मिरची-कोथिंबिरीचं ऑम्लेट मला जीव की प्राण आहे पण हे वेगळं. तीन अंडी, मीठ-मिरी, काट्याने नुसती मोडायची, फेस आणायचा नाही. पॅनमध्ये बटर टाक, ते फेसाळतं आणि तडतडतं, तो आवाज त्यातल्या पाण्याचा. आवाज बसला की पाणी गेलं, त्याच क्षणी अंडी ओत, आणखी थांबलास तर बटर लाल होईल. पॅन हलवत राहा आणि काट्याने कडा आत ओढ, मधला भाग ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करून गुंडाळ. खालून लाल डाग नकोत. आजीला हे कच्चं वाटेल, ती ते खाणारही नाही, पण तसंच खायचं असतं, बावूझ म्हणतात त्याला.

सॅलडचं ड्रेसिंग बाटलीतलं आणू नकोस, कृपा कर. बाऊलमध्ये एक चमचा व्हिनेगर, त्यात आधी मीठ विरघळवायचं कारण तेलात ते विरघळत नाही, मग अर्धा चमचा दिजाँ मस्टर्ड, मग तीन चमचे तेल थोडं थोडं टाकत फेटायचं. मस्टर्डमुळे तेल आणि व्हिनेगर एकजीव होतं. पानं नीट कोरडी करून घे, ओल्या पानाला ड्रेसिंग लागत नाही. बाय द वे, त्या दिजाँ मस्टर्डची बरीचशी मोहरी कॅनडातून येते. २०२१ ला तिथे उष्णतेने आणि दुष्काळाने पीक गेलं आणि २०२२ मध्ये फ्रान्समध्ये मस्टर्डचे रॅक रिकामे झाले, काही दुकानांत माणशी एकच बरणी देत होते. दिजाँ हे नाव वापरायला ती दिजाँत बनलेली असायची गरज नाही, दिजाँ ज्या भागात आहे त्या बुरगोन्यचीच मोहरी हवी असेल तर बरणीवर मुतार्द द बुरगोन्य लिहिलेलं बघून घे.

त्याच बरणीतल्या मस्टर्डचं चिकनही होतं. मांड्यांचे पीस आधी चांगले लाल करून घ्यायचे, बाजूला काढून त्याच पॅनमध्ये छोटे शॅलट कांदे, थोडी वाइन नाहीतर स्टॉक, पीस परत टाकून झाकण ठेवून अर्धा तास. क्रीम आणि दोन चमचे मस्टर्ड अगदी शेवटी, मस्टर्ड उकळत ठेवलं की झणका उडून जातो. सोबत भात, हो भात, तेही खातात.

रातातुई आत्ता नको. वांगी, झुकिनी, ढोबळी, टोमॅटो सगळं मिळेल नोव्हेंबरमध्येसुद्धा, पण त्या टोमॅटोला काही चव नसते. जुलै-ऑगस्टची भाजी आहे ती, तेव्हा कर, आणि प्रत्येक भाजी वेगळी परतून मग एकत्र कर, नाहीतर लगदा होतो.

तुझ्या स्वतःच्या गावचं एक सांगतो, याला गॅससुद्धा लागत नाही. सेर्व्हेल द कान्यू. क्र्वा-रूसच्या टेकडीवर रेशमाचे माग चालवणारे कामगार म्हणजे कान्यू, त्यांच्या नावाने ओळखतात. फ्रोमाज ब्लाँ आण, आपल्या चक्क्यात थोडं दूध फेटून घातल्यावर होईल साधारण तसं असतं, त्यात बारीक शॅलट, थोडा लसूण, चाइव्ह, पार्सली, मीठ, मिरी, चमचाभर व्हिनेगर, ऑलिव्ह ऑइल. तासभर फ्रिजमध्ये. उकडलेल्या बटाट्याबरोबर नाहीतर पावाला लावून. कोथिंबीर घालू नकोस रे, मला माहितीय तू घालणार. सामान टेकडीवरच्याच बाजारातून आण, सोमवार सोडून रोज सकाळी असतो, आणि दुपारी जाऊन उपयोग नाही, तोवर सगळे आवरतात. लियाँचं खाण्यातलं नाव मोठं केलं तेही मोठ्या घरांत स्वयंपाकाला असलेल्या बायकांनी, नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यातल्या युजेनी ब्राझिए बाईंना १९३३ साली दोन रेस्टॉरंटना मिळून मिशेलिन गाइडचे सहा स्टार मिळाले, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला पोल बोक्यूझ त्यांच्याच किचनमध्ये राबून तयार झाला. हे आईला सांगितलं तर म्हणाली, मग घरात मी काय वेगळं करते.

गोड म्हणून गातो ओ याउर. तिथली पोरं सगळ्यात आधी हाच केक शिकतात, कारण वजनकाटा लागत नाही, दह्याचा १२५ ग्रॅमचा डबा हेच माप. एक डबा साधं दही, तोच धुवून पुसून दोन डबे साखर, तीन डबे मैदा, अर्धा डबा तेल, तीन अंडी, आणि लव्ह्यूर शिमिकची (म्हणजे बेकिंग पावडरची) एक पुडी. लव्ह्यूर बुलाँजेर उचलू नकोस, ते यीस्ट. दही-साखर-अंडी फेट, मैदा-पावडर घाल, शेवटी तेल, १८० डिग्रीला पस्तीस मिनिटं, सुरी घालून बघ. साखर मी दीडच डबा घालतो, तू बघ तुझं. लिंबाची साल किसून घातलीस तर फार छान.

या गुरुवारी सूप आणि केक एवढंच कर, सगळं एका दिवशी काढू नकोस. आणि फोटो पाठव, ताटाचा नको, पातेल्यातल्या कांद्याचा पाठव, अर्ध्या तासानंतरचा, म्हणजे मला कळेल आच कितपत ठेवलीयस.

बाबा

ता.क. आजी विचारतेय चीज शाकाहारी असतं का. ग्रुयेर, कोंते ही जुनी चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात, तेव्हा तुझी ती जैन मैत्रीण जेवायला येणार असेल तर तिच्या बाऊलमध्ये ते टाकू नकोस. पाकिटावर मायक्रोबियल रेनेट स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घे. आणि कांद्याचं सूप तसंही तिला चालणार नाही, ग्रातँही नाही, तिच्यासाठी दुसरं काहीतरी बघ.