शरीरसौष्ठवाचा निकाल गुणतक्त्यासह लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्यातल्या एका गावी शरीरसौष्ठव स्पर्धेच्या निकालानंतर खुर्च्या फेकल्या गेल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. पंचांनी पैसे खाल्ल्याचा आरोप झाला म्हणे. त्या वादात मी पडत नाही. पण बातमीत एका प्रेक्षकाचा सवाल छापला आहे, ‘दंड त याचे मोठे होते, मंग पयला नंबर त्याले कसा भेटला?’ त्यावरून दिसते की स्पर्धा कशावर ठरते हे मांडवात कोणी समजावलेच नव्हते.

दंडाच्या घेरावर नंबर द्यायचा असता तर पंच कशाला बोलवायचे, गावच्या शिंप्याने टेप लावून निकाल दिला असता. पंच पाहतात ते स्नायूंचा भरणा, त्यांचे एकमेकांशी प्रमाण, डाव्या-उजव्या अंगातली सारखेपणाची ठेवण आणि चरबी उतरून आलेले कट, म्हणजे स्नायूंमधल्या ठळक रेषा. त्यासाठी सात ठरावीक पोझ असतात. समोरून डबल बायसेप्स, म्हणजे दोन्ही हात वाकवून दंड फुगवायची पोझ, मारली की प्रेक्षक दंडाकडे बघतो, पंच मात्र त्याच क्षणी मांड्या, पोटऱ्या आणि कंबर तपासत असतो. मागून तीच पोझ द्यायला सांगितली की आपल्याकडच्या पोरांचे घोडे पेंड खाते. जिमच्या आरशात पुढची बाजू तेवढी दिसते, म्हणून पाठ, मांडीची मागची बाजू आणि पोटऱ्या वर्षानुवर्षे राहून जातात. मग पंच दोघातिघांना पुढे बोलावून एकच पोझ शेजारी-शेजारी करून घेतात. निकालाचा निम्मा फैसला तिथेच होतो, आणि गर्दी नेमकी त्या वेळी शिट्ट्या मारण्यात गुंग असते.

आता गुणांचे. शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीत पंच शंभरपैकी गुण देत नाहीत, क्रमांक देतात: पहिल्याला १, दुसऱ्याला २. बेरीज ज्याची कमी तो जिंकला. बेरजेआधी प्रत्येक खेळाडूला मिळालेला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा क्रमांक खोडतात. नऊ पंच असतील तर दोन वरचे, दोन खालचे. यामागचे कारण हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. समजा पाच पंच आहेत. एका खेळाडूला चौघांनी १, १, २, १ दिले आणि पाचव्याने थेट ५. दुसऱ्याला २, २, १, २, १ मिळाले. सरळ बेरीज केली तर पहिल्याचे १०, दुसऱ्याचे ८, म्हणजे दुसरा जिंकला. टोकाचे आकडे खोडले की पहिल्याचे ४ उरतात आणि दुसऱ्याचे ५, निकाल उलटतो. चौघांपैकी तिघांनी ज्याला पहिला धरले, त्याला एकट्या पाचव्या पंचाने बुडवू नये, यासाठी ही तजवीज. अर्थात पाचपैकी तिघे एकाच व्यायामशाळेचे असतील तर खोडून काही साधत नाही. म्हणून पंच बाहेरच्या जिल्ह्यांतले हवेत.

शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, निकाल सेकंदांवर लागतो, घड्याळाशी भांडता येत नाही. इथे नजर आहे, त्यामुळे भांडण राहणारच. १९८० साली सिडनीला श्वार्झनेगर मिस्टर ऑलिंपिया ही व्यावसायिकांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकला, तो निकाल अनेकांना अजून पटलेला नाही. पाचवा आलेला माइक मेंट्झर त्यानंतर स्पर्धेत उतरलाच नाही. पुढे २०१५ मध्ये खुद्द श्वार्झनेगरनेच सुटलेल्या पोटाचे खेळाडू जिंकतात म्हणून पंचांना जाहीर सुनावले. पंचांनी ज्याला बक्षीस दिले तसे शरीर पुढच्या वर्षी पोरे कमावू लागतात, त्यामुळे त्याचे म्हणणे रास्तच होते.

आपल्याकडे मात्र गोष्ट पंचांपर्यंत पोचायच्या आधीच बिघडते. हॅलोजन समोरून मारतात, त्याने स्नायूंमधल्या सावल्या पुसल्या जातात. प्रकाश वरून हवा. अंगाला तेल इतके चोपडतात की चकाकीखाली कट दिसेनासे होतात. वजनगटाचा काटा कुठून आणला आणि कोणी तपासला, हे विचारायची सोय नाही.

आणि पाणी. हनुमान जयंतीच्या सुमारास विदर्भात ऊन काय असते हे सांगायला नको. कट सुटावेत म्हणून पोरे आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, काही तर मेडिकलमधून लघवीच्या गोळ्या आणतात. स्पर्धा सहाला म्हणून सांगतात, पाहुणे नऊला येतात, मग सत्कार, मग भाषणे. तोवर अंगाला रंग लावून ही पोरे कोरड्या घशाने स्टेजमागे उभी. मोहम्मद बेनअझिझा हा व्यावसायिक खेळाडू १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकला आणि लगेच वारला. शरीरातले पाणी असे घटवण्यानेच त्याचा जीव गेला, असे मानले जाते. तिथे निदान पाहुण्यांची वाट पाहत कोणी ताटकळले नव्हते. आपल्याकडे आधी स्पर्धा आणि मग सत्कार, एवढा बदल आयोजकांना फुकटात करता येईल. डॉक्टर आणि सलाईनची सोय मांडवातच असावी.

माझी मुख्य मागणी यापेक्षाही सोपी आहे. निकाल जाहीर होताच प्रत्येक पंचाने दिलेले क्रमांक, कोणते खोडले ते आणि उरलेली बेरीज एका कागदावर लिहून स्टेजशेजारी लावा. हरलेल्या पोराला पाठीत कमी पडलो की पोटऱ्यांत, हे पंचांनी दोन मिनिटे समजावून सांगावे. ज्याने महिनोन्महिने उकडलेली अंडी आणि सोयाबीन खाऊन शरीर घडवले, त्याला एवढे विचारायचा हक्क आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. ज्या मुलखात अशी संस्था उभी आहे, तिथे तालुका पातळीच्या पंचांसाठी दोन दिवसांचे शिबिर भरवणे जड नाही.

आपल्याही बातमीदारांना एक विनंती. स्पर्धेच्या बातमीत व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे परिच्छेदभर येतात आणि विजेता शेवटच्या ओळीत. पुढच्या वेळी मान्यवर थोडे कमी करून त्या जागेत गुणतक्ता छापावा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ